आमचा विल्नेर तसा नाही

गेल्या ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी, सायंकाळी सात वाजून वीस मिनिटांनी, आमच्या वसाहतीच्या रहिवासी समितीने हैतीवाल्यांचा प्रश्न कायमचा सोडवला. देशाच्या एकाही सरकारला जे पावणेदोनशे वर्षांत जमले नाही, ते आम्ही पन्नास मिनिटांत केले. त्यातली पंधरा मिनिटे वीज गेलेली होती. समितीचा सचिव मीच आणि इतिवृत्त लिहिणाराही मीच, त्यामुळे हे खात्रीने सांगतो.

आमची वसाहत डोमिनिकन देशातल्या सान्तियागो शहराच्या उत्तरेला आहे. हैती म्हणजे याच बेटावरचा शेजारचा देश. चार इमारती, अठ्ठेचाळीस घरे. नाव 'लोस फ्राम्बोयानेस', म्हणजे गुलमोहर. गुलमोहर एकच होता. मोटारी लावायला जागा हवी म्हणून तो मागच्या वर्षी बहुमताने तोडला. विरोधात एकच मत होते, मार्तिरेस मास्तरांचे. त्यांच्याबद्दल पुढे सांगावेच लागणार आहे.

ठराव मांडला अध्यक्ष राधामेस उरेन्या यांनी. राधामेससाहेब जकात खात्यातून निवृत्त झाले असून देशाची काळजी पूर्णवेळ करतात. गच्चीवर झेंडा, खिशात झेंडा, मोटारीच्या आरशालाही झेंडा.

"सकाळी सहाला जरा फाटकावर जाऊन उभे राहा," ते गरजले. "रांगच्या रांग आत घुसते हैतीवाल्यांची. हे आक्रमण आहे, आक्रमण!"

"हातात काय असतं त्यांच्या?" मार्तिरेस मास्तरांनी विचारले.

"झाडू असतात, बादल्या असतात, थापी असते."

"आणि घुसून करतात काय?"

"कामं करतात आपल्याकडे. पण प्रश्न तो नाहीये, मास्तर! तुम्ही नेहमी फाटे फोडता."

ठराव सत्तेचाळीस विरुद्ध एक मताने मंजूर झाला. सर्व हैतीवाल्यांना वसाहतीतून काढावे आणि त्यासाठी इमिग्रेशन खात्याची जाळीची गाडी मागवावी, असा. अध्यक्षांनी पत्रावर तिथेच सही केली आणि ते त्याच रात्री मोटारसायकलवाल्याच्या हाती रवाना केले. टाळ्या झाल्या. तेवढ्यात नेरेइदाबाईंकडची इव्हरोज सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली.

इव्हरोज हैतीची. ती ट्रे घेऊन फिरत असताना सगळे पावसाबद्दल बोलले. कॉफी चांगली होती. ती गेल्यावर नेरेइदाबाईंनी घसा खाकरला.

"सगळ्यांना म्हणजे अगदी सगळ्यांना का हो? नाही म्हणजे, आमची इव्हरोज तशी नाही. आमच्या आईला तिच्याशिवाय घास जात नाही."

"तुमची ठेवा हो!" राधामेससाहेब उदारपणे म्हणाले. "ठराव त्या दुसऱ्यांबद्दल आहे. आता आमचा विल्नेर घ्या. तोही तसा नाही."

यावर दुमत असण्याचे कारण नव्हते. विल्नेर फाटक सांभाळतो, बाग शिंपतो आणि मुख्य म्हणजे पाण्याचा पंप चालवतो. आमचा पंप विल्नेरखेरीज कोणाचे ऐकत नाही. आधी कुठली कळ दाबायची, कुठला नळ किती फिरवायचा आणि कुठे लाथ घालायची, हे त्या एकट्याला ठाऊक. तो नसला तर अठ्ठेचाळीस घरे कोरडी.

मग काय, बांधच फुटला. पहिल्या इमारतीतल्या दंतवैद्यांचा रंगारी तसा नव्हता. दुसऱ्या इमारतीतली जी बाई सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती, तिची स्वयंपाकीण तर मुळीच तशी नव्हती. माझ्याही गच्चीवर द्यूसेल नावाचा गवंडी खोली बांधत होता, आणि तोही, सांगायला आनंद वाटतो, तसा नव्हता. अजून छत पडायचे होते.

कारभार शिस्तीत व्हावा म्हणून मी अपवाद-प्रपत्र तयार केले. दर घरामागे दोन अपवाद. रकाने तीनच. हैतीवाल्याचे नाव, तो कोणाचा, आणि तो इतर हैतीवाल्यांपेक्षा वेगळा कसा. नावाच्या रकान्यात बऱ्याच जणांची पंचाईत झाली. आठ-आठ, दहा-दहा वर्षे घरात वावरणाऱ्या माणसाला नाव असेल असे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. एकोणीस जणांनी 'काळू' लिहिले. तिसरा रकाना मात्र सगळ्यांनी भरभरून भरला. 'हा चोरी करत नाही.' 'हा अंघोळ करतो.' 'हिला उलट बोलता येत नाही.'

पुढच्या सोमवारी मी आकडेवारी सादर केली. वसाहतीत येणारे एकूण हैतीवाले त्रेसष्ट. मंजूर अपवाद त्रेसष्ट. हाकलण्यास पात्र, शून्य.

"म्हणजे आपण जिंकलो," दंतवैद्य म्हणाले.

"जिंकलो कसले डोंबलाचे!" राधामेससाहेबांनी कपाळाला हात लावला. "गाडी मंजूर झाली. गुरुवारी येतेय. सरकारी गाडी रिकामी परत पाठवायची? नाक कापलं जाईल आपलं."

"गाडी रद्द करता येईल," मार्तिरेस मास्तर म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे असे पाहिले, की जणू त्यांनी झेंडाच खाली उतरवायला सांगितला होता.

आता मास्तरांविषयी. मार्तिरेस एन्कार्नासिओन, राहणार तिसरी इमारत, पहिला मजला. छत्तीस वर्षे सरकारी शाळेत इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवले. मला शिकवले, राधामेससाहेबांना शिकवले. माझ्या मुलीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिला हातात धरून धर्मपिता म्हणून तेच उभे होते. माणूस एकटा. आणि एक विचित्र खोड अशी, की स्वतःचे काम स्वतः करायचे. केळी स्वतः उकडायची, जिना स्वतः झाडायचा, कचरा स्वतः खाली नेऊन टाकायचा. अठ्ठेचाळीस घरांत हैतीवाला नसलेले घर त्यांचे एकट्याचे.

त्यांचा रंग सांगणे भाग आहे, म्हणून सांगतो. आमच्या देशात काळा माणूस नाही. आमच्या जुन्या ओळखपत्रांवर रंगाचा रकाना असे, आणि त्यात कोणी 'फिकट इंडिओ' असे, कोणी 'गडद इंडिओ', तर कोणी 'गव्हाळ'. इंडिओ म्हणजे या बेटावरचा मूळचा आदिवासी. तो आदिवासी चार-पाचशे वर्षांपूर्वी मेला, पण त्याचा रंग आम्ही जपून ठेवला आहे. काळे असतात ते हैतीवाले. त्या हिशेबाने मास्तर गडद इंडिओ होते, आणि उन्हात उभे राहिले की अतिगडद.

गुरुवारी दहा वाजता गाडी आली. विल्नेर सकाळपासून फाटकावर होता, त्यामुळे पंप सुरू करायला त्याला वेळ झाला नव्हता. गाडीतून निरीक्षक कन्फेसोर उतरले. रंगाने ते मास्तरांपेक्षाही दोन बोटे पुढे होते. पण गणवेश चढवला की माणूस आपोआप गव्हाळ होतो.

त्रेसष्ट हैतीवाले छातीवर प्रपत्र धरून मैदानात रांगेत उभे होते. निरीक्षकांनी एकेक कागद तपासला. शिक्का, सही, मालक. सगळे चोख.

"कारभार सुंदर आहे," ते मला म्हणाले. "पण मग मी नेऊ कुणाला? डिझेल जळलंय, साहेब. आणि वर मला आकडा द्यावा लागतो."

नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या इमारतीच्या जिन्यातून मार्तिरेस मास्तर खाली आले. अंगात बनियन, पायात चपला, एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी.

"हा कोणाचा?" निरीक्षकांनी विचारले.

यात निरीक्षकांची चूक नव्हती. आमच्या वसाहतीत स्वतःचा कचरा स्वतः नेणारा डोमिनिकन त्यांनाच काय, आम्हालाही दुसरा माहीत नव्हता.

"काय काका, कागद कुठंय तुझा?"

"कसला कागद? मी इथं राहतो." मास्तर हसले. "थांबा, ओळखपत्र आणतो."

आणले. निरीक्षकांनी ते उन्हात धरले, उलटे केले, नखाने खरवडले.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर."

"इतकं बरोबर कसं? खऱ्या डोमिनिकन माणसाच्या कार्डावर काहीतरी चुकलेलं असतं. माझ्या स्वतःच्या कार्डावर जन्मतारीख चुकलीय. तुझ्या कार्डावर एक टिंब इकडचं तिकडे नाही. ही तयारी कोण करतो? ज्याला गरज असते तो."

मास्तरांचे हसू जरा कमी झाले. त्यांनी आमच्याकडे वळून पाहिले. "अरे राधामेस, सांग ना यांना. तू माझ्या वर्गात होतास."

राधामेससाहेबांनी गाडीकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले आणि अध्यक्षाला शोभेल असे उत्तर दिले. "मी त्यांना ओळखतो, नाही असं नाही. पण त्यांच्या जन्माच्या वेळी काही मी हजर नव्हतो."

"नेरेइदा?"

"रोज दिसतात हो मास्तर," नेरेइदाबाई म्हणाल्या. "पण तसे ते लोकही रोजच दिसतात."

मग मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी पुढे होऊन त्यांच्या कानाशी लागलो. माझ्या घराच्या दोन अपवादांपैकी एक शिल्लक होता आणि कोरे प्रपत्र माझ्या खिशात होते.

"मास्तर, सही करा पटकन. माझे म्हणून लिहितो. दोन मिनिटांचं काम."

"तुझा कोण म्हणून?"

"माझा... हैतीवाला म्हणून. नुसतं कागदावर हो!"

"मिल्सिया," मास्तर म्हणाले. माझे नाव मिल्सियादेस, पण शाळेपासून ते मला मिल्सियाच म्हणतात. "हैतीवाला असण्यात वाईट काही नाही. मी असतो तर केली असती सही. पण मी नाही. जो हैतीवाला नाही त्याच्यासाठी कुठलं प्रपत्र आहे?"

"त्याला प्रपत्र लागतच नाही."

"मग मला लागत नाही."

"पण तुम्हाला लागतंय ना आता!"

"तर मग तू सरळ सांग. मोठ्यानं. की हा माणूस इथलाच आहे, माझ्या पोरीचा धर्मपिता आहे."

निरीक्षकांचे कान तिखट होते. "देता का लेखी, सचिवसाहेब?" त्यांनी वही उघडली. "चुकीचं निघालं तर हमीदारालाही गाडीत घ्यावं लागतं, एवढं फक्त लक्षात असू द्या." आणि त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

माझा रंग गव्हाळ आहे. संध्याकाळी तर छानच गव्हाळ दिसतो. पण ऑगस्टातले साडेदहाचे ऊन होते, आणि मी टोपी विसरलो होतो. सचिवाने भावनेच्या भरात लेखी काही देऊ नये असा संकेत आहे. मी तो पाळला.

"बसा काका गाडीत," निरीक्षक म्हणाले.

"साहेब," रांगेतून आवाज आला. विल्नेर होता. "हे माझे आहेत."

"तुझे कोण?"

"माझे डोमिनिकन." विल्नेरने टोपी काढली. "फार चांगले आहेत, साहेब. बाकीच्यांसारखे नाहीत. नावानं हाक मारतात. जेवलास का, विचारतात. बारा वर्षं बघतोय, कुणाचं काही उचलत नाहीत. मी देतो लिहून."

रांगेत कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. राधामेससाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला खूप वाईट वाटले. हे मी आधी सुचवायला हवे होते, असेही वाटले.

निरीक्षक मात्र विचार करणारा माणूस. त्यांनी पेन दातांत धरले. "हैतीवाला ज्याची हमी घेतो, तो कोण असणार?" त्यांनी स्वतःलाच विचारले आणि स्वतःच उत्तर लिहून घेतले. "सिद्ध झालं. आणि तू रे? अपवादाचा कागद स्वतःपुरता असतो. तो दुसऱ्यासाठी वापरलास, म्हणजे तुझाही रद्द. चढा दोघंही."

मास्तर चढले. झाडू त्यांच्या हातातच राहिला होता. विल्नेरही चढला. आणि तेव्हा कुठे वसाहतीचा धीर सुटला.

"अहो, काय करताय काय!" राधामेससाहेब धावले आणि त्यांनी गाडीची जाळी पकडली. गेल्या साठ वर्षांत त्यांना कोणी असे धावताना पाहिले नव्हते. "अन्याय आहे हा! भला माणूस आहे तो! पोरंबाळं आहेत त्याला! त्याला खाली उतरवा आधी!"

क्षणभर मास्तरांचा चेहरा उजळला.

"कुणाला?" निरीक्षकांनी विचारले.

"विल्नेरला! पंप कोण चालू करणार? सकाळपासून थेंब नाही घरात!"

"माझ्या आईचं अंग पुसायचंय!" नेरेइदाबाईंनी हंबरडा फोडला.

निरीक्षकांनी घड्याळ पाहिले. "मला एकानं भागतं. एक ठेवा, एक नेतो. कोण ते तुम्हीच ठरवा. लोकशाही आहे."

आमच्या वसाहतीत मतदान वेळेवर होते, त्याबद्दल पालिकेने आम्हाला एकदा ढालही दिली आहे. जागेवरच विशेष सभा भरवली. प्रश्न एकच, दोघांपैकी कोणाला ठेवावे. इतिवृत्तात नोंद अशी आहे, 'श्री. विल्नेर यांना ठेवावे असे सभेने एकमताने ठरवले.' एकमताने म्हणजे खरोखरच एकमताने. नेहमी विरोधात जाणारे एक मत यावेळी गाडीत होते. सचिवाला मतदान सक्तीचे नाही. पण माझ्या घरी भांडी तशीच पडली होती, आणि मीही हात वर केला. मास्तरांनी जाळीतून तो हात पाहिला.

विल्नेरला दोन शिपायांनी ओढून खाली उतरवले. तो उतरायला तयार नव्हता, याची नोंद घेण्याचे कारण नव्हते. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी नळांना पाणी आले.

गाडी दुपारी सीमेवर दाहाबोनला पोचली. नदीवरच्या पुलापलीकडच्या हैतीच्या अधिकाऱ्याने मास्तरांना त्याच्या भाषेत काहीतरी विचारले. मास्तरांना अक्षर कळले नाही. तो म्हणाला, हा आमचा नाही. अलीकडचा म्हणाला, आमचा तर नाहीच, तसा कागदच आहे. तेव्हापासून सात आठवडे झाले. मास्तर पुलाच्या तोंडाशी राहतात. बाजाराला येणारी एक हैतीची बाई त्यांना रोज भात देते. मागच्या रविवारी तिच्या फोनवरून त्यांनी मला फोन केला.

"मिल्सिया, खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालतोस ना?"

"घालतो, मास्तर," मी म्हणालो. आणि विल्नेरला घालायला सांगितले.

मी स्वस्थ बसलेलो नाही, हे कृपया लक्षात घ्या. मी खात्यात तीन खेपा घातल्या. तिथली मंडळी अतिशय सौजन्याने वागली. परतीचा अर्ज मिळाला. त्यावर एका हमीदाराची सही लागते, 'मी यांना ओळखतो, हे आमचेच आहेत.' बस्स, एवढेच वाक्य. हमीदार कुठलाही चालतो, कुठल्याही गावचा. अर्ज अठ्ठेचाळीस घरांतून फिरून आला. सर्वांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. राधामेससाहेबांच्या डोळ्यांत तर पाणी आले. सही तेवढी राहिली. माझी का नाही, असे विचाराल, तर सचिवाच्या सहीला अध्यक्षांची सही आधी लागते.

पण तुम्ही इथपर्यंत वाचलेत. एव्हाना मास्तर कोण, कसे, हे तुम्हाला आमच्या वसाहतीइतकेच ठाऊक झाले आहे. जाळीपाशी आम्ही जे केले ते पाहून तुम्हाला आमची चीडही आली असेल, आणि येणारच, तुम्ही तसे नाही. हा घ्या अर्ज, हे पेन. सही इथे, खालच्या ओळीवर.

फक्त त्याआधी जरा उजेडात या. हमीदाराचा रंग लिहावा लागतो.